जाळीची जागा

बुलढाणा जिल्ह्यात पोरी बेसबॉल खेळतात हे सांगितलं की पुण्याकडचे लोक आधी हसतात, मग अमेरिकेतल्या कुठल्यातरी भाच्याची आठवण काढतात. त्यांच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. मी डोणगावच्या शाळेत उभी हयात क्रीडाशिक्षक होतो, त्यातली बरीच वर्षं जिल्ह्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक होतो, आणि माझ्या सासूबाई शेवटपर्यंत समजत होत्या की जावई क्रिकेट शिकवतो, फक्त शाळेला स्टंप घेणं परवडत नाही.

संपादकांनी ‘क्रीडाजीवनातले रोमहर्षक प्रसंग’ मागितले आहेत. मैदान आखायला वेळेवर फक्की मिळाली तरी आमच्या अंगावर रोमांच उभे राहत, तेव्हा तसे प्रसंग बरेच सांगता येतील. पण सांगावासा वाटतो तो एकच, आणि त्यात मी काही फार बरा दिसत नाही.

आधी खेळ समजावून सांगतो. हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांत आमच्या संघटनेचे अध्यक्षही येतात, म्हणून वाचकांनी संकोच करू नये. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार बेस, त्यांतला बॅटर उभी राहते तो होम. मधून पिचर बॉल टाकते, बॅटर तो मारून पळते, आणि तिन्ही बेस करून होमला परत आली की एक रन. बॅटरच्या मागे उकिडवी बसते ती कॅचर. तिच्या तोंडावर लोखंडी जाळी, छातीला पॅड, पायांना पॅड. पिचरने कोणता बॉल टाकायचा हे ती बोटांच्या खुणांनी सांगते. पण तिची खरी परीक्षा चोरीच्या वेळी. पिचर बॉल टाकत असतानाच पहिल्या बेसवरची पोरगी दुसऱ्याकडे धूम ठोकते, याला बेस चोरणं म्हणतात आणि नियमात ते बसतं. कॅचरने बसल्या जागेवरून उठून चाळीसेक मीटर लांब, थेट दुसऱ्या बेसवर बॉल फेकायचा. बॉल आधी पोचला तर चोर आउट. तो उशिरा पोचला की चोर साळसूदपणे बेसवर उभी राहून चड्डीची धूळ झटकते.

आता आमच्या जिल्ह्याचं वैशिष्ट्य. इतर जिल्ह्यांत कॅचर मिळत नाही म्हणून प्रशिक्षक रडतात. सात डाव उकिडवं कोण बसणार? आमच्याकडे मात्र दहा पोरी चाचणीला आल्या तर त्यांतल्या सहा कॅचर. याला कारण मी. पहिल्या वर्षी एका पोरीच्या आईने मला अडवून विचारलं, “सर, बॉल तोंडावर लागला तर हिचं लगन कसं जमन?” मी तिला गप्प करायला कॅचरची जाळी दाखवली. ती बाई जाळी हातात घेऊन, दोनदा ठोकून, समाधानाने म्हणाली, “मंग हिले हेच काम द्या.” ती बातमी मेहकर तालुक्यात पसरली आणि पुढच्या वर्षापासून आईबाप पोरीला सोडतानाच बजावू लागले, जाळीची जागा असली तरच. कॅचरची बोटं सुजतात, अंगठा निखळतो, गुडघे चाळिशीआधी म्हातारे होतात, हे मी त्यांना सांगितलं नाही. बघायला आलेले पाहुणे बोटं कुठे मोजतात?

असा माझा संघ. जाळीमागे बसायला रांग आणि आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या पलीकडच्या लांबच्या मैदानात, उभं राहायला माणूस नाही. उजव्या बाजूच्या आउटफिल्डला तर मी दोन वर्षं एक गोळाफेकवाली उभी केली होती. तिच्याकडे बॉल आला की ती आधी माझ्याकडे बघायची.

त्या वर्षी राज्यस्पर्धा नांदुऱ्याला होती. रेल्वेचं गाव, बाहेरच्या संघांना यायला सोपं, म्हणून आम्हाला यजमानपद मिळालं, आमच्या खेळाकडे बघून नव्हे. आणि माझ्याकडे तीन कॅचर होत्या.

पहिली वंदना. माझी सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, संघाची कॅप्टन. खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी कचेरीत लागलेली आमच्याकडची पहिली पोरगी. दोन लेकरांची आई, गुडघ्याला पट्टा. तिचा थ्रो दुसऱ्या बेसला वाटेत मुक्काम करून पोचायचा. पण ती मैदानात आली की बाकीच्या पोरी सरळ उभ्या राहत, आणि कोणत्याही समारंभात माझी ओळख ‘वंदनाचे सर’ अशी करून दिली जाई. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

दुसरी संगीता. वय तिशीकडे झुकलेलं. बॉल पकडण्यात पक्की, थ्रो नेमका पण हळू. बारा वर्षं वंदनाच्या मागे राखीव म्हणून बसली आणि एकदाही कुरकुरली नाही. तिला नोकरी नव्हती. संघ राज्यात पहिल्या तिनात आला तर यादीतल्या सगळ्यांना जे प्रमाणपत्र मिळतं, ते राखीव जागेच्या फॉर्मला चालतं. चौथ्या नंबरचं प्रमाणपत्र भिंतीला लावायला चालतं. संगीताच्या भिंतीवर तशी चार होती. वयाच्या अटीत ती त्या वर्षीच्या भरतीपुरतीच बसत होती, म्हणजे नांदुऱ्याचं पदक मिळालं तर ठीक, नाहीतर तो दरवाजा बंद.

तिसरी कोमल, दुसरबीडची, बारावीतली. तिला मी पहिल्यांदा चाचणीत पाहिलं. उकिडवी बसली, बॉल घेतला, आणि उभीसुद्धा न राहता गुडघ्यावरूनच दुसऱ्या बेसवर असा फेकला की तिथे उभ्या असलेल्या पोरीने ग्लोव्ह काढून हात चोळला. मी पुन्हा फेकायला सांगितलं. पुन्हा तसाच. तिसऱ्यांदा मी सांगितलं ते केवळ बघायची हौस म्हणून.

माझ्या शेजारी आमचे अध्यक्ष बसले होते. त्यांचं बियाणं-खतांचं दुकान आहे आणि त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. ते खूश होऊन म्हणाले, “सर, ही पोट्टी विकेटकीपर चांगली हाये.”

“कॅचर, भाऊसाहेब.”

“तेच ते. पण वंदनाले बसवता नाही येणार बरं. काय म्हणतीन लोकं? अन् संगीताचं तं यंदा शेवटचं वर्ष हाये.”

“मग कोमलचं काय?”

“ते तं लहान हाये. तिले काय घाई?”

आमच्याकडे निवड म्हणजे कोणालाही नाही न म्हणणं. मीही तेच केलं. तिघींची नावं यादीत घातली. वंदना आणि संगीता कॅचर, आणि जिल्ह्यातला सगळ्यात जोरदार हात उजव्या आउटफिल्डला, जिथे सामन्यात दोन बॉल आले तर गर्दी झाली म्हणायची. कोणी दुखावलं नाही. त्या संध्याकाळी मी स्वतःला फार मुत्सद्दी समजत घरी गेलो.

कोमलच्या वडिलांची परवानगी आणायला दुसरबीडला गेलो. हमरस्त्यावर त्यांचं पंक्चरचं दुकान. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते.

“पोरगी नेता न्या सर, माझं काही म्हणणं नाही,” ते म्हणाले. दुसरबीडचं बोलणं आमच्याहून जालन्याकडे झुकलेलं. “पण जाळीची जागा हाये ना? मी आसं ऐकलं की कोणाकोणाला बिगर जाळीचं हुभं करतेत.”

“जाळी संघात आहेच,” मी म्हणालो. यात खोटं एक अक्षर नव्हतं. संघात जाळी होती.

स्पर्धेत पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. वंदना जाळीमागे होती, समोरचे संघ आमच्यापेक्षा नवखे होते, आणि भाऊसाहेबांनी दोन्ही वेळा माइकवरून ‘आपल्या विकेटकीपर’चं कौतुक केलं. उपांत्य सामन्यात वंदनाचा गुडघा गेला. ती खाली बसली ती उठेचना. तिला उचलून बाहेर आणलं, सामना हरलो. राहिला तिसऱ्या नंबरचा सामना. तो जिंकला की पदक, प्रमाणपत्र, संगीताचा फॉर्म. हरला की भिंत.

त्या सकाळी मी जाळी संगीताच्या हातात दिली. बारा वर्षं तिने वाट पाहिली होती. तिच्या नोकरीचा सामना तिनेच खेळावा, हे मला इतकं सुंदर वाटलं की माझे डोळे भरून आले. वंदना मात्र पायाला बर्फ लावून बाकावर बसलेली म्हणाली, “सर, कोमलले बसवा मांगं. हे लोक चोरतात लय.” मी म्हणालो, “वंदना, माणुसकी नावाची एक गोष्ट असते.” तिने बर्फाची पिशवी गुडघ्यावर सरकवली. कॅप्टन असली तरी सरांशी वाद घालायचा नाही, हे मीच तिला शिकवलेलं.

समोरचा संघ खरोखरच चोरांचा होता. हे मी कौतुकाने म्हणतोय. दुसऱ्या डावातच त्यांच्या लक्षात आलं की संगीताचा थ्रो वाटेत जरा दमतो, आणि मग पहिल्या बेसवर आलेली प्रत्येक पोरगी दुसऱ्यावर जाऊ लागली. तरी आमच्या पोरी मारत होत्या, म्हणून बरोबरी टिकून होती.

तिसऱ्या डावात सीमारेषेवरून आरोळी आली. “सर! ओ सर! जाळी कुठाय?” कोमलचे वडील दुकान बंद करून सामना बघायला आले होते, आणि त्यांची पोरगी दूर आउटफिल्डला उघड्या तोंडाने उभी होती. मी न ऐकल्यासारखं केलं. ते रेषेच्या कडेकडेने माझ्यापर्यंत आले.

“सर, तुम्ही सबूद देला व्हता.”

“काका, तिकडे बॉल येतच नाही. फार सुरक्षित जागा आहे.”

“येतच नाही तं तिला तिथं हुभं कामून केलं?”

इतका नेमका प्रश्न मला आमच्या संघटनेच्या एकाही बैठकीत कोणी विचारला नव्हता. मी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि बसायला सांगितलं.

चौथा डाव संपला तशी संगीता स्वतः माझ्याकडे आली. जाळी डोक्यावर सरकवलेली, चेहरा घामाने डबडबलेला.

“सर, कोमलले बसवा मांगं. मी बाकावर बसते.”

“का? लागलं का कुठे?”

“नाही लागलं. ते चोरून राह्यल्या. माहा हात नाही पुरून राह्यला. कोमलचा पुरते.”

आता इथे कोणीही शहाणा माणूस काय करेल? जाळी काढून घेईल आणि कोमलला हाक मारेल. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि भाषण सुरू केलं. क्रीडाशिक्षकाच्या पोटात एक भाषण कायम तयार असतं, फक्त त्याला निमित्त लागतं. खेळाडूने मैदान सोडायचं नसतं, स्वतः घाम गाळून मिळवलेल्या पदकाची गोडी वेगळी, आयुष्यभर तुला सांगता येईल की ते मी मिळवलं. पंच घड्याळ दाखवत होते तरी मी स्वाभिमानापर्यंत पोचलोच. संगीताने सगळं ऐकून घेतलं. मग “बरं सर” म्हणाली, जाळी खाली ओढली आणि जागेवर जाऊन बसली. मला वाटलं, पोरीला धीर आला.

सातवा डाव, शेवटचा. सामना बरोबरीत, आमची बॅटिंग संपलेली, त्यांच्या दोन आउट झालेल्या, तिसरी झाली की डाव संपला, आणि त्यांची एक पोरगी पहिल्या बेसवर. सगळ्या मैदानाला माहीत होतं की ती पळणार. सीमारेषेवरच्या म्हशीलाही माहीत असावं. ती पळाली. संगीता उठली, आयुष्यातला सगळ्यात चांगला थ्रो तिने तेव्हा केला, मी आजही शपथेवर सांगतो. बॉल नेमका बेसवर गेला आणि चोर अर्धं पाऊल आधी पोचली होती.

पुढच्याच बॉलला बॅटरने मारलं, ते सरळ उजव्या आउटफिल्डला. दुसऱ्या बेसवरची पोरगी होमकडे सुटली. कोमलने बॉल उचलला आणि फेकला. तो थ्रो मी विसरलेलो नाही. जमिनीला न लागता, माणसाच्या कमरेइतक्या उंचीवरून, सरळ संगीताच्या ग्लोव्हमध्ये. संगीताने बॉल तिच्या अंगाला टेकवून टॅग केला, धूळ उडाली, पंचाने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे रन. ती पोरगी पहिल्या बेसवर असती तर तिसऱ्याच्या पुढे गेली नसती. चोरीने मिळवलेल्या त्या एका बेसवर सामना गेला.

चौथा नंबर. भाऊसाहेबांनी माइकवरून सांगितलं की आपल्या पोरींनी मनं जिंकली. मनं जिंकल्याचं प्रमाणपत्र मात्र कोणत्या फॉर्मला जोडायचं ते त्यांनी सांगितलं नाही. संगीता रडली नाही. पॅड सोडून, जाळीवरची माती रुमालाने पुसून, सगळं बॅगेत नीट लावून तिने माझ्यासमोर ठेवलं आणि मेहकरच्या गाडीत चढली. माझंच रडू गाडी सुटल्यावर आलं. कोमलचे वडील जवळच उभे होते. त्यांना वाटलं मी हरल्यामुळे रडतोय. “पुढल्या वर्षी जाळीमागं बसवा सर,” ते म्हणाले, “मंग बघा.”

पुढच्या वर्षी मी बसवलं. दोन वर्षं लागोपाठ पदक. कोमल नोकरीला लागली, तिच्या मागोमाग आणखी दोघी. वंदनाने खेळ सोडला आणि निवड समितीवर आली. पहिल्याच बैठकीत तिने भाऊसाहेबांना विचारलं की तुम्हाला कॅचर आणि विकेटकीपर यांतला फरक लिहून देऊ का. माझा तर सत्कारच झाला. शाल, श्रीफळ, आणि मानपत्रात लिहिलं होतं की सरांनी जुन्याजाणत्या खेळाडूंना कधी अंतर दिलं नाही. मी ते उभं राहून ऐकलं, आणि घरी आल्यावर मानपत्र कपाटावर, भिंतीकडे तोंड करून ठेवलं.

मी निवृत्त झालो. पेन्शनवाल्या माणसाला वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मेहकरला एका दुकानात तो अंगठा ठेवून ऑनलाइन निघतो असं कळलं म्हणून गेलो. बाहेर पाटी, सर्व प्रकारचे भरतीचे फॉर्म भरून मिळतील. आत काउंटरमागे संगीता. आठ-दहा पोरंपोरी रांगेत. ती एकेकीला विचारत होती, “खेळाडू हाये का? राज्याचं पदक? नाही ना, मंग तिथं नाही लिवायचं.” आणि बोटं कीबोर्डवर भराभरा चालत होती. उजव्या हाताचा अंगठा जरा वाकडा.

मला बघून ती उठली, खुर्ची पुसून दिली, रांगेतल्या पोरींना म्हणाली, “हे माहे सर होत.” मला ते ऐकवलं नाही. रांग संपेपर्यंत बसून राहिलो. मग माझा आधार नंबर टाकताना तिला म्हणालो, “संगीता, त्या दिवशी माझं चुकलं.”

“कोणत्या दिवशी?” ती स्क्रीनकडेच बघत म्हणाली. पण तिला कळलं होतं.

“मला वाटलं तू घाबरलीस. म्हणून तुला धीर दिला.”

“मी घाबरली नव्हती, सर. मी विचार केला होता. माहं नाव यादीत होतंच. मी बाकावर बसली असती अन् कोमलनं जिंकून देलं असतं, तरी मले सर्टिफिकेट तेच भेटलं असतं.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलली ना. तुम्ही भाषण देलं.” ती हसली. चिडून नाही, सरांचा मान ठेवून हसली, आणि त्यापेक्षा ती मला दोन शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

“मला वाटलं, बारा वर्षं तू त्या जागेची वाट पाहिलीस. तुला खेळायचं असेल.”

“मले नोकरी पाह्यजे होती, सर. खेळ तं तुमाले पाह्यजे होता.”

तिने मशीन माझ्याकडे सरकवलं, माझा अंगठा स्वतःच्या हाताने धरून त्यावर ठेवला आणि म्हणाली, “जरा दाबून धरा. ठसा घेऊन नाही राह्यलं.”